मिठाचा खळगा

अंधेरीला सुलूच्या नातीनं हॉटेल काढलंय. हॉटेल म्हटलेलं तिला रुचत नाही, पण पैसे मोजून जिथे जेवतात त्याला मी दुसरं काय म्हणणार? सुलूच्या सासऱ्यांचा जुना बंगला आहे, त्याचा खालचा मजला. बिनपॉलिशची टेबलं, मिणमिणते दिवे, आणि ताटं हातानं घडवलेली, चिनी मातीची. सगळं कौतुक त्या ताटांचं. एक दुसऱ्यासारखं नाही, कडा किंचित वाकडी, रंग भिजलेल्या राखेचा आणि त्यात मध्येच निळी झाक. माणसं जेवण गार होईपर्यंत त्यांचे फोटो काढत बसतात.

ताटाच्या वरच्या कडेला, बरोबर मधोमध, अंगठ्याएवढा एक खळगा आहे. त्यात चिमूटभर मीठ घालून आणतात. वाढणारी मुलगी माझ्याजवळ वाकून म्हणाली, "हे आमच्या मॅडमच्या आजींचं डिझाइन आहे हां. त्यांनी स्वतः केलेली ताटं तिकडे कपाटात ठेवलीत."

"हो का?" मी म्हटलं.

ती ताटं माझ्या आईनं केली होती. सुलू माझी मामेबहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिनं आयुष्यात मातीला हात लावला असेल तर तो हरताळकेच्या पूजेला, वाळूच्या पिंडी करताना. पण तिथे भिंतीवर लिहिलंय, मेन्यूच्या पहिल्या पानावर छापलंय, की आजीनं लग्नाआधी बोरिवलीच्या घरी ही ताटं घडवली आणि रुखवतात आणली. मूळची सहा होती, चार उरली. काचेच्या कपाटात उभी करून ठेवलीत, खालून दिवा सोडलाय. देव्हाऱ्यात ठेवायची तेवढी बाकी आहेत.

मी ती इतक्या वर्षांनी पाहिली आणि पहिल्यांदा आठवला तो वास. ओल्या मातीचा नाही, त्याचं कौतुक सगळेच करतात. भट्टी उघडल्यावर येतो तो. करपलेलं लाकूड, तापलेली वीट आणि त्याच्यामागे जिभेला जाणवणारी राखेची चव. आई घरी यायची तेव्हा तिच्या केसांना तो वास असायचा आणि मी तिच्या वेणीत नाक खुपसून झोपायची.

बोरिवलीला मामाचं कौलारू घर होतं. पुढे ओटी, मागे विहीर, विहिरीवर रामफळाचं झाड. तेव्हाची बोरिवली म्हणजे स्टेशन सोडलं की भातखाचरं. संध्याकाळी गवताच्या गाड्या जायच्या, त्यांचा हिरवा, घशात बसणारा वास. खाडीकडून वारा सुटला की खारट दमट हवा, आणि सकाळी वसईवालीची लांबलचक हाक, "क्येळीऽऽ". मामा फोर्टात हापिसात जायचा. सज्जन माणूस. सज्जन म्हणजे घरात काही चाललेलं असलं की पेपर वाचणारा.

आम्ही मायलेकी त्याच्या घरी राहायचो, माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत. वडिलांनी आईला टाकली होती. का टाकली ते मला कोणी सांगितलं नाही, आणि आता विचारणार कोणाला? टाकलेली बाई म्हणजे ना सवाष्ण ना विधवा. आई कुंकू लावायची, पण हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवत नसे. घरात मंगळागौर असली की ती पुरणाजवळ. पुरण चालायचं तिच्या हातचं.

आणि हात तरी कुठला? डावा. आई डावखुरी होती. वाढताना पळी आपसूक डाव्या हातात जायची. मामी तिकडून नुसतं म्हणायची, "वन्सं, हात." बास, तेवढंच. आई पळी उजव्या हातात घ्यायची, मग आमटी थोडी पानाबाहेर सांडायची, मग मामी म्हणायची, "बघा." माझ्या लहानपणातली सगळी जेवणं ह्या दोन शब्दांमध्ये झाली. हात. बघा.

मी पंगतीत शेवटी. मला वाढेपर्यंत मीठ हमखास विसरायचं. एकदा मी मागितलं. मामी हसून म्हणाली, "ज्याचं मीठ खातो त्याच्याकडे आणखी मीठ मागू नये गं." सुलू खुदकन हसली. मामानं पेपरचं पान उलटलं. त्यानंतर मी अळणी खायला शिकले, आणि खरं सांगते, माणूस कशालाही शिकतो.

स्टेशनापलीकडे, डोंगराच्या बाजूला हातउद्योग शिकवणारं एक केंद्र निघालं होतं. सूत, घाण्याचं तेल, हातकागद आणि कुंभारकाम. बायकांनी आपल्या पायावर उभं राहावं म्हणून. मामानं आईला तिथे घातलं, आईच्या पायांची काळजी म्हणून नव्हे, तर शिकणाऱ्या बायकांना थोडा भत्ता मिळायचा म्हणून. आईनं कुंभारकाम घेतलं. मामीनं नाक मुरडलं, "ब्राह्मणाची लेक मडकी थापणार. ऐकावं ते नवलच."

शाळा सुटली की मी तिथे जायची. लांबलचक पत्र्याची शेड होती, आत पायानं ढकलायची चाकं. घर्रर्र असा मऊ आवाज. बायका उजव्या पायानं चाक ढकलायच्या, माझी आई डाव्या पायानं. त्यामुळे सगळ्यांची चाकं एका बाजूला फिरायची आणि तिचं एकटीचं उलटं. केंद्राच्या मुख्य बाई होत्या, आम्ही त्यांना नुसतं बाईच म्हणायचो, जाड खादीचं पातळ नेसायच्या. त्या पहिल्या दिवशी चाकापाशी उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ह्याही म्हणणार, हात. त्या म्हणाल्या, "माती सरळ उभी राहतेय ना? मग फिरू दे कसंही."

त्या शेडमध्ये मी आईला गाताना ऐकलं. घरी ती कधी गायली नाही. गळा काही खास नव्हता, पण मान जरा तिरकी करून, कोपरापर्यंत चिखलात, पदर खोचलेला, ती गायची आणि मातीचा गोळा तिच्या डाव्या तळव्याखाली फुलत जायचा. मग गाणं मध्येच तोडून म्हणायची, "हात नको लावूस गं, बाळसं धरतंय अजून." मातीला बाळ म्हणायची मेली. मला राग यायचा.

भट्टी वर्षातून दोन-तीनदाच पेटायची. एवढं लाकूड परवडायचं नाही. पावसाळा सरला की पहिली. त्या वर्षी बाईंनी आईला सांगून ठेवलं होतं, "इंदूताई, माघात प्रदर्शन आहे. मोठी माणसं येणार. तुमचा सहा ताटांचा एकसारखा संच मांडू. पसंत पडला तर शिक्षिकेची जागा तुम्हालाच देणार, मी तसं बोलून ठेवलंय. मागची खोली पण मिळेल."

मागची खोली आम्ही दोघी बघून आलो. एक खिडकी, एक मोरी, दाराशी पपई. आई आत उभी राहिली आणि बोट दाखवत म्हणाली, "इथे चूल. इथे तुझं दप्तर. आणि इथे आपण काहीच ठेवायचं नाही, नुसती मोकळी जागा." मला अजून ती मोकळी जागा दिसते. अंथरूण पसरता येईल एवढीच होती.

कार्तिकात भट्टी उघडली. विटा एकेक करून काढल्या, आतली ऊब अंगावर आली. आईनं फडक्यानं धरून सहा ताटं बाहेर काढली. राखेचीच झिलई दिलेली, त्यात निळा उतरलेला. बोटानं टिचकी मारली की देवळातल्या लहान घंटेएवढा आवाज. आतून मधोमध चाकाची वळी उमटलेली, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. आणि वरच्या कडेला तो खळगा. मी विचारलं, "हे काय?"

"मिठाची जागा," आई म्हणाली. "यात आधीच घालून ठेवायचं. म्हणजे कोणाकडे मागायला नको."

मी अंगठा घालून पाहिला. माझा अंगठा आत हरवला, तो तिच्या अंगठ्याच्या मापाचा होता.

"आपल्या खोलीत गेलो की पहिलं जेवण तुझं," ती म्हणाली. "यातच. वरणभात, वर तूप, आणि मीठ हवं तेवढं. तोवर यात कोणी जेवायचं नाही."

ताटं घरी आणली ती मामीनं उंबऱ्यातच अडवली. "माझ्या स्वयंपाकघरात मातीचं भांडं नको. पितळ चिंचेनं घासलं की शुद्ध. माती उष्टं पोटात घेते. मातीचं भांडं एकदा उष्टं झालं की झालं, ज्यानं उष्टावलं त्यानं ते घेऊन चालू लागावं." आईनं आपल्या जुन्या लुगड्याचे तुकडे मध्ये घालून सहा ताटं आमच्या खाटेखाली सरकवली. त्यांच्यावर आम्ही झोपायचो. मी रात्री कूस बदलताना जपून बदलायची.

मार्गशीर्ष लागताच सुलूचं लग्न ठरत आलं. मुलाकडचे अंधेरीचे, सासरे वकील, मोठं प्रस्थ. त्यांना आम्ही सगळे वकीलसाहेब म्हणायचो, घरात त्यांची बायकोसुद्धा. मुलगी पसंत होती, बोलणी व्हायची होती, आणि बोलणी करायला ती मंडळी जेवायलाच येणार होती. मध्यस्थ सांगून गेला, "त्यांच्यात टेबलावर जेवतात बरं का. चिनी मातीच्या डिशेस. पितळेत जेवलं की पोट बिघडतं म्हणतात."

झालं. मामीची पळापळ. शेजारच्या ख्रिस्ती वाडीतून टेबल आणलं, खुर्च्या आणल्या. आणि आदल्या संध्याकाळी ती आमच्या खोलीत आली. त्या खोलीत ती कधी पाऊल टाकत नसे. खाटेवर आईच्या शेजारी बसली, आईच्या पाठीवर हात ठेवला.

"वन्सं, तुमची ती ताटं काढा ना. एका जेवणाचा तर प्रश्न. घरचंच आहे ना."

"वहिनी, ती प्रदर्शनाची आहेत," आई म्हणाली. "उष्टावायची नाहीत अजून."

"अगं बाई, मी कुठे ठेवून घेतेय? सुलू काय परकी आहे का तुम्हाला? तुमच्या मांडीवर वाढली. घरचंच आहे ना."

मी खाटेवर पालथी, घट्ट पडून राहिले, जसं काही माझ्या वजनानं ताटं खाली अडकून राहणार होती. आई म्हणाली, "ऊठ गं." मी उठले.

दुसऱ्या दिवशी माती काही उष्टं पोटात घेईना. मामीनं स्वतःच्या हातानं ताटं मांडली, खळग्यात मीठ घातलं. आई आत पुऱ्या तळत होती, कारण शुभकार्यात तिनं समोर यायचं नव्हतं. मी दाराआड. वकीलसाहेबांनी ताट दोन्ही हातांनी उचललं, उजेडात धरलं, टिचकी मारली. जेवण राहिलं बाजूला.

"अप्रतिम. कुठून आणलीत?"

मामी एक क्षण थांबली. एकच. मग म्हणाली, "आणतोय कुठून? आमच्या सुलूनं केलीत. फार हौस तिला. वन्सं त्या केंद्रात जातात, त्या नुसत्या भाजून आणतात."

मी मामाकडे पाहिलं. त्या दिवशी त्याच्याकडे पेपर नव्हता, तर तो पुरीकडे बघत होता. सुलूनं मान खाली घातली. लाजली असं सगळ्यांना वाटलं. वकीलसाहेब बायकोला म्हणाले, "अशी सून पाहिजे. हात बघ. रुखवतात ही ताटं सगळ्यात पुढे मांडायची, सांगून ठेवतो."

मी आत धावले. आईला सगळं सांगितलं. तिनं कढईतली पुरी उलटवली, डाव्या हातानं, आणि म्हणाली, "ऐकलं मी." पुरी फुगली होती, सुरेख. तिनं ती काढली आणि दुसरी सोडली.

पौष लागायच्या आत लग्न झालं. रुखवतात ताटं पुढेच होती. मागे क्रोशाचे रुमाल, मण्यांचा ससा, साखरेचं तुळशीवृंदावन, आणि पुढे मखमलीवर आईची सहा ताटं, पुठ्ठ्यावर रंगीत अक्षरात 'चि. सौ. कां. सुलभाची हस्तकला'. बायका येऊन हात लावून बघत होत्या. एकजण म्हणाली, "मेलीच्या बोटात लक्ष्मी आहे." आई भटारखान्यात खोबरं खवत होती. मी तिला जाऊन म्हटलं, एकदा तरी येऊन बघ. ती म्हणाली, "मी पाहिलीत ती."

सासरी जाताना सुलू आईच्या गळ्यात पडून रडली. सगळ्यात जास्त रडली ती आईच्याच गळ्यात. म्हणून तर मला तिचा जास्त राग.

माघापर्यंत एकच भट्टी उरली होती. आईनं पुन्हा सहा ताटं केली. पहाटे घरचं पाणी भरून जायची, रात्री येऊन भांडी घासायची. चाकावर बसायची पण गायची नाही. मी विचारलं, ह्यांना बाळ नाही म्हणत? ती म्हणाली, "हे काम आहे." दुसरी ताटं पहिल्यांसारखी उतरली नाहीत, निळा जरा मेला होता. पण चांगली होती. खळगा होता. बाईंनी टेबलावर पांढरी चादर घालून मांडली आणि आईला म्हणाल्या, "खोलीला चुना काढायला सांगितलाय मी."

प्रदर्शनाला पाहुणे म्हणून बोलावले होते उपनगरातले प्रतिष्ठित. त्यात अंधेरीचे वकीलसाहेब. सोबत बायको आणि नवी सून. सुलूच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, अंगावर अंजिरी शालू, नाकात नथ. मागून मामा-मामी, व्याह्यांबरोबर मिरवत.

वकीलसाहेब ताटांपाशी आले आणि थबकले. एक उचललं, खळग्यावरून बोट फिरवलं, आणि मोठ्यानं म्हणाले, "हे काय? ही तर आमच्या सूनबाईंची ताटं. जशीच्या तशी नक्कल. कोणी केली ही?"

माणसं वळून बघायला लागली. बाई पुढे आल्या, "अहो साहेब, नक्कल कसली? ह्या इंदूताई, पहिला संचसुद्धा ह्यांनीच..."

"बाई," आई म्हणाली. इतक्या माणसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "साहेब बरोबर म्हणतात. सुलूनंच शिकवलं मला. तिचं बघून केली मी."

मी सुलूकडे पाहिलं. ती चुड्यातली एक बांगडी फिरवत होती. फिरवत राहिली. मामीनं सुटकेचा निःश्वास टाकला, तो मला ऐकू आला. वकीलसाहेब जरा नरमले, आईला म्हणाले, "शिकण्यात कमीपणा नाही. पण दुसऱ्याची कल्पना आपली म्हणून मांडू नये, बाई." आईनं मान हलवली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग ताटांकडे, मग चादरीचं टोक सारखं करत बसल्या. शिक्षिकेची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. जी सगळ्यांदेखत स्वतःला नक्कलखोर म्हणते तिला शिक्षिका कसं करणार? त्यांचंही खरंच.

परत येताना रुळांच्या कडेकडेनं आम्ही दोघी चालत होतो. मी आईचा हात झिडकारला. विचारलं, "का म्हणालीस असं?"

ती चालत राहिली. मग म्हणाली, "एक टाकलेली पुरे आहे घरात."

मामीनं त्या आठवड्यात आईला नवं लुगडं आणलं. "वन्सं, शोभलात अगदी." आई ते नेसली. दुसऱ्या सहा ताटांना घरात जागा नव्हतीच. त्यांत मामी अंगणात मांजराला दूध घालायची, मोलकरणीला शिळं द्यायची. एकेक करून फुटली. खापर फुटल्याचा आवाज आला की आई जागची हलायची नाही, पण एक क्षण हातातलं काम थांबायचं. केंद्रात ती पुन्हा गेली नाही.

पुढे मी नोकरीला लागले, दहिसरला नदीकाठी चाळीत खोली घेतली, आईला घेऊन आले. तिथे मोकळी जागा होती. ती त्या जागेत बसायची, हात मांडीवर ठेवून. मी म्हटलं, माती आणून देऊ? ती म्हणाली, "कशाला पसारा." वाढायची मात्र शेवटपर्यंत उजव्या हातानं. मी ओरडायची, अगं, आता कोण बघतंय. आमटी सांडायची, आणि ती स्वतःच म्हणायची, "बघा." मग गेली.

परवा अंधेरीला हे सगळं घेऊन मी बसले होते आणि समोर सुलू. नव्वदीला टेकलेली, अंगावर पैठणी, नातीनं लाडानं सजवलेली. टेबलाभोवतीच्या लोकांना सांगत होती, "माती अशी तळव्याखाली फुलते ना, तेव्हा हात लावायचा नाही तिला. बाळसं धरत असते." आईचे शब्द. शब्दसुद्धा ठेवले नाहीत हिनं. आणि सांगताना डोळे पाणावलेले. तिला ते खरंच आठवत होतं हो, स्वतःचं म्हणून. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. हिला कुठे पकडू?

तेवढ्यात तिची नात, रेवा, मला बाजूला घेऊन गेली, कपाटापाशी. गुणी पोर आहे, स्वतः चाकावर बसते, नखांत माती असते. हळू आवाजात म्हणाली, "मावशीआजी, एक विचारू? तुमची आई डावखुरी होती का?"

मी म्हटलं, "का गं?"

"ह्या ताटांवरची वळी उलटी आहेत. चाक उलटं फिरलंय. माझी काही केल्या तशी येत नव्हती, तेव्हा कळलं. आणि आजी तर उजवी." तिनं माझा हात धरला. "तुमच्या आईनं केलीत ना ही?"

सत्तर वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "हो."

तिचे डोळे भरले. मला वाटलं, आता ही आत जाईल, सांगेल. तिनं नाक पुसलं, एकदा आजीकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या अक्षरांकडे. म्हणाली, "आजीचे दिवस किती राहिलेत आता? आणि सगळीकडे छापून झालंय हो, मावशीआजी. राहू दे ना. शेवटी घरचंच आहे ना."

हिची पणजी, माझी मामी, ही जन्मायच्या आधी गेली. हिला हे वाक्य कोणी शिकवलं?

"हो तर," मी म्हटलं. "घरचंच आहे. कपाट उघड जरा. हातात घेऊन बघते."

तिनं उघडलं. मी एक ताट काढलं. हलकं होतं, मला जड आठवत होतं. ते घेऊन टेबलाशी आले, समोरचं त्यांचं ताट बाजूला सारलं आणि वाढणाऱ्या मुलीला म्हटलं, "यात वरणभात आण. वर तूप. आणि इथे मीठ, हवं तेवढं." ती रेवाकडे बघायला लागली. पाहुणे बघत होते, रेवा नाही कशी म्हणणार? भात आला.

"अगं, ते शोभेचं आहे," सुलू म्हणाली.

"नाही सुलू. माझ्या जेवणाचं आहे. फार उशीर झाला वाढायला."

मी जेवले. सावकाश, बोटं चाटून. खळग्यातलं मीठ घेतलं. अंगठा आता बरोबर बसला त्यात. सुलू बघत होती, आणि हळूहळू तिचा चेहरा उतरत गेला, कडेकडेनं, ओल्या भिंतीचा पोपडा सुटतो तसा. तिला आठवलं. शेड आठवली, बांगडी आठवली, सगळं. तिची बोटं मनगटाशी गेली, चुडा शोधायला. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

मी उठले. हात धुतला. ताट तसंच खरकटं, हातरुमालात गुंडाळलं आणि पिशवीत घातलं.

"मावशीआजी, अहो, ते..." रेवा पुढे आली.

"तुझी पणजी म्हणायची, मातीचं भांडं एकदा उष्टं झालं की झालं. ज्यानं उष्टावलं त्यानं घेऊन चालू लागावं." मी म्हटलं. "तुमच्या घरात आता हे चालायचं नाही. विचार तुझ्या आजीला."

सुलू काही बोलली नाही. ती तेव्हाही बोलली नव्हती.

आता मी रोज त्यात जेवते. दहिसरची खोली तीच, नदीचा नाला झालाय, मोकळी जागा आहे तेवढीच आहे. आई म्हणाली होती तसाच वरणभात, वर तूप. ताट सुरेख आहे, टिचकी मारली की अजून वाजतं. भाताची चव काही बदलत नाही. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, त्यामुळे वरचा खळगा तेवढा रिकामा असतो.